निळ्या दिव्यांचा रस्ता

जानेवारीतली दुपार होती. शाळा सुटली होती आणि मी शिरगावच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. तेवढ्यात पालघरच्या बाजूने प्रतीक्षा मेहेर चालत येताना दिसली. मागे चाकांची बॅग, खांद्यावर पर्स, आणि चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा. सातपाटी अजून बरीच लांब होती.

"अगं, रिक्षा नाही मिळाली?"

"मिळाली होती. उतरले."

"का? काही बोलला का रिक्षावाला?"

मागून एक रिक्षा आली तेव्हा तिने आधी वाकून आत छताकडे पाहिलं आणि मगच पाय टाकला. रस्ताभर तिने माझा हात धरून ठेवला होता.

आधीच्या रिक्षात छताला निळ्या दिव्यांची माळ लावलेली होती, हे मला तिने चार दिवसांनी सांगितलं.

प्रतीक्षा आमच्याच आळीतली, माझ्या घरापासून चौथं घर. तिचे वडील पंढरीकाका म्हणजे चाळीस वर्षं बोट चालवलेले तांडेल. गुडघे गेल्यापासून ते समुद्रावर जात नाहीत, ओट्यावर बसून लोकांची जाळी दुरुस्त करून देतात. आई मंजुळाकाकी पालघरच्या बाजारात मासे विकते. प्रतीक्षा माझ्याच हाताखाली शिकलेली. वर्गात कधी स्वतःहून हात वर न करणारी, पण विचारलं तर उत्तर बरोबर देणारी. ती विमानात नोकरीला लागली तेव्हा गावात सगळे तिला हवाई सुंदरी म्हणायला लागले. तिला तो शब्द मुळीच आवडायचा नाही. "बाई, आम्ही चहा वाटायला नसतो," ती मला म्हणायची. "विमान पेटलं तर दीड मिनिटात सगळ्यांना बाहेर काढायला असतो. चहा मधल्या वेळात."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या हातून एक गोष्ट झाली होती. विमान धावपट्टीकडे निघालेलं असताना छताच्या फटीतून पांढरं काहीतरी येताना तिला दिसलं. धूर समजून तिने कॉकपिटला कळवलं. विमान परत फिरवलं गेलं. तो धूर नव्हता, थंड हवेची वाफ होती. तासभर उशीर झाला, वैमानिक तिला सगळ्यांसमोर बोलला आणि कंपनीने समज देणारं पत्र दिलं. त्यानंतर ती कोणतीही गोष्ट तीनदा बघितल्याशिवाय बोलत नसे.

हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

ती घटना उत्तरेकडच्या एका शहरात घडली. सकाळी सातचं विमान, मुंबईला यायचं. बाहेर धुकं इतकं की पंखाचं टोक दिसत नव्हतं. दोन तास थांबल्यावर धुकं थोडं विरळ झालं आणि निघायची परवानगी मिळाली. प्रतीक्षा सगळ्यात मागच्या दाराजवळ, भिंतीला लागून असलेल्या छोट्या खुर्चीवर पट्टा लावून बसली होती. पलीकडच्या दाराशी रूपाली नावाची नवीन मुलगी. मध्ये एकशे सत्तर माणसं. पुढे दोन वैमानिक: कॅप्टन म्हणजे पंचवीस वर्षं विमान चालवलेला माणूस आणि त्याचा सहवैमानिक सुजित, बोईसरचा. सुजितचं घर मूळ जळगावकडचं, वडील तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर. एकाच तालुक्यातले म्हणून सुजितची आणि प्रतीक्षाची ओळख होती. बाकी कंपनीत पालघर कुठे आहे हे कुणाला माहीत नसायचं.

विमान हळूहळू वळणं घेत निघालं. मग एक मोठं वळण घेऊन सरळ झालं, क्षणभर थांबलं, आणि इंजिनांचा आवाज वाढला.

प्रतीक्षाच्या दाराला एक छोटी गोल काच होती. सवयीने तिने बाहेर पाहिलं. धुक्यातून दिवे मागे जात होते, एक, दुसरा, तिसरा. निळे.

विमानतळावर रस्त्यांचे दिवे रंगावरून ओळखतात. विमानाला नुसतं चालत जायचं असतं त्या रस्त्याच्या कडेला निळे दिवे असतात. उडायच्या धावपट्टीच्या कडेला पांढरे. पहिल्या वर्षीच्या प्रशिक्षणात हे एका दुपारी शिकवलं होतं आणि परीक्षेत त्यावर एका गुणाचा प्रश्न होता.

"मला पहिल्यांदा वाटलं, आपणच चुकतोय," ती मला म्हणाली. "धुक्यामुळे पांढरा दिवा निळा दिसत असेल. मी डोळे मिटून परत उघडले. निळाच. बाई, त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं असेल? ते पत्र. समज देणारं."

विमान जोरात धावायला लागलं होतं. पाठ खुर्चीला दाबली जात होती. चाकांखाली खडखड होत होती, धावपट्टीवर असते त्याहून जास्त. नियम असा की विमान उडायच्या तयारीत धावत असताना कॉकपिटला फोन करायचा नाही, वैमानिकांचं लक्ष विचलित होतं. अगदी जिवावरचं असेल तरच. आणि हे जिवावरचं आहे की नाही हे ठरवायला तिच्याकडे किती वेळ होता? पाच सेकंद, फार तर सहा. तिने रूपालीकडे पाहिलं. रूपाली मांडीवर हात ठेवून, शिकवल्याप्रमाणे, समोर बघत बसली होती.

आणखी एक निळा दिवा गेला.

प्रतीक्षाने भिंतीवरचा फोन ओढला आणि आणीबाणीचं बटण दाबलं. पलीकडे कुणी उचललं की नाही हे तिने बघितलंच नाही. ती ओरडली, "ब्लू लाइट्स! रनवे नहीं है! स्टॉप! स्टॉप!"

एक क्षण काहीच झालं नाही. तो क्षण तिला अजून आठवतो, कारण त्या क्षणी तिची खात्री झाली होती की आपण पुन्हा चुकलोय आणि आता नोकरी गेली. मग सगळं विमान पुढे झुकलं. ब्रेक लागले, इंजिनं उलटी गर्जली, वरचे दोन कप्पे उघडून पिशव्या खाली आल्या, कुणाचं तरी मूल किंचाळलं. विमान थरथरत, घसटत थांबलं.

विमान अगदी सावकाश डावीकडे वळलं आणि मघापर्यंत नाकासमोर होतं ते तिच्या काचेत आलं. तो रस्ता पुढे संपत होता, वळून दुसरीकडे जात होता. वळणाच्या पलीकडे इंधनाचे तीन टँकर उभे होते. त्यातल्या एकापाशी पिवळ्या जॅकेटमधला माणूस होता. त्याच्या हातातली नळी खाली पडलेली होती. तो पळत नव्हता. पळायला सुरुवात करून मध्येच थांबल्यासारखा, एक पाय पुढे टाकून, विमानाकडे बघत उभा होता.

तिला वाटलं, आता विमान परत जागेवर नेतील, माणसं उतरवतील. पण स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला, अगदी शांत. एक छोटासा तांत्रिक इशारा आला होता, तपासलं, सगळं ठीक आहे, थोड्याच वेळात आपण निघू. मग आतल्या फोनवर तो प्रतीक्षाशी बोलला. "रिलॅक्स. टर्न थोडा जल्दी ले लिया, बस. रिपोर्ट मैं देख लूंगा. तुम्हें कुछ लिखने की जरूरत नहीं."

टॉवरवरून धुक्यात काही दिसत नव्हतं. कॅप्टनने त्यांनाही इशाऱ्याचंच कारण सांगितलं. टँकरजवळचा माणूस सोडला तर बाहेर कुणालाच काही कळलं नव्हतं.

आणि तिला पुन्हा त्याच खुर्चीवर बसायचं होतं.

"उतरता आलं असतं का?" मी विचारलं.

"मागता आलं असतं. तोंडातून शब्दच फुटला नाही. प्रवासी माझ्याकडे बघत होते, म्हणून हसत होते मी. एका आजीने विचारलं, बेटा, सब ठीक? मी हो म्हटलं. बाई, मी त्या आजीला हो म्हटलं."

दुसऱ्या वेळी दिवे पांढरे होते. तिने ते मोजले. चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत तिचा हात फोनवर होता. मुंबईपर्यंत सव्वादोन तास लागले. तिने सगळ्यांना नाश्ता वाटला, पिशव्या गोळा केल्या, दारात उभं राहून नमस्कार केले. मुंबईला उतरल्यावर स्वच्छतागृहात जाऊन उलटी केली. मग मला शिरगावच्या नाक्यावर भेटली.

घरी आल्यावर तिने मंजुळाकाकीला सांगितलं की कंपनीच्या डॉक्टरला काविळीचा संशय आहे, थोडी विश्रांती सांगितली आहे. खरं तर तिला शनिवारपर्यंतच सुटी होती. ती फोन उलटा ठेवायची. मागून मोटारसायकल आली तरी दचकून भिंतीला लागायची. बंदरावर बर्फ भरायची गाडी मागे येताना वाजते, तो आवाज आला की कान झाकायची. मंजुळाकाकीने मनोरच्या एका वैद्याकडून झाडपाल्याचं कडू औषध आणलं आणि समोर बसून पाजलं. प्रतीक्षा ते मुकाट प्यायची.

पंढरीकाकांना काविळीचं खरं वाटलं नाही. ते जाळं शिवत होते, मी ओट्यावर बसले होते, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "काय झाला बाय? खरा सांग."

तिने सांगितलं. रंग, फोन, ब्रेक, टँकर. पंढरीकाका ऐकत जाळं शिवत राहिले. शेवटी विचारलं, "ते टँकर किती लांब होते?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "आपल्या घरापासून त्या समोरच्या बर्फाच्या कारखान्याइतके."

त्यांनी सुई जाळ्यात तशीच अडकवून ठेवली. उठले, पाण्याच्या पिंपापाशी गेले आणि तोंडावर पाणी मारलं. परत आल्यावर म्हणाले, "सोड ती नोकरी. नको आपल्याला."

"बाबा…"

"नको. आईला काय नको सांगू. बाजारात जीव लागायचा नाय तिचा."

तिसऱ्या दिवशी सुजित आला. फोन न करता, बोईसरहून मोटारसायकलवर. प्रतीक्षाने मला बोलावून घेतलं, एकटीने भेटायची तिची छाती होत नव्हती. आम्ही तिघं किनाऱ्यावर, मासे सुकवायच्या रिकाम्या मांडवांपाशी बसलो. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. दाढी वाढलेली.

"मला दिसले होते दिवे," तो लगेच म्हणाला. "तुझ्या आधी. मी म्हटलं, सर, लाइट्स. ते म्हणाले, फॉग है, कंटिन्यू. मग मी गप्प बसलो. तुझा आवाज आला तेव्हा मी ओरडलो स्टॉप. तेव्हा त्यांनी ब्रेक मारले."

"म्हणजे मी फोन केला नसता तर?"

तो वाळूकडे बघत होता. "मला माहीत नाही. मी परत बोललो असतो की नाही, मला खरंच माहीत नाही."

मग तो ज्यासाठी आला होता त्या गोष्टीवर आला. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र त्या विमानात फक्त शेवटचे दोन तास राखून ठेवत होतं. मुंबईला उतरेपर्यंत ते बोलणं पुसलं गेलं होतं. कॅप्टनला हे पक्कं माहीत होतं. त्याने सुजितला सांगितलं होतं की दोघंही इशाऱ्याचंच कारण लिहू. "तू लिहिलंस तर मला विचारतील, दिसत होतं तर गप्प का बसलास. काय सांगू मी? घाबरलो होतो म्हणून?"

"मीही घाबरले होते," प्रतीक्षा म्हणाली. "आत्ताही घाबरलेय."

"मग नको ना लिहूस. झालं नाही काही. कुणाला खरचटलंही नाही."

तो गेल्यावर तिने फोन सुलटा केला आणि पुढच्या आठवड्याचं कामाचं वेळापत्रक उघडलं. रविवारी तिचं नाव होतं. वैमानिकाच्या जागी त्याच कॅप्टनचं. तिने फोन माझ्यापुढे धरला. गुरुवारी, म्हणजे त्याच दिवशी, त्याला चार उड्डाणं होती. दोन होऊन गेली होती.

घरी येऊन तिने वडिलांना तेच सांगितलं. ते परत नोकरी सोडण्याचं म्हणतील असं मला वाटलं होतं. पंढरीकाका म्हणाले, "तो आज पन चालवतोय?"

"हो."

"माणसं बसवून?"

"हो, बाबा."

"मंग तू सोडून काय होनार?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. त्या माणसाला मी असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, वादळात बोट सापडली होती त्या वर्षीसुद्धा नाही. "लिव. काय व्हायचा तो होऊ दे. मी बसतो इथं."

ते खरंच तिच्या शेजारी खाटेवर बसून राहिले. वाचता येत नव्हतं त्यांना त्यातलं काही. तिने कंपनीच्या सुरक्षा विभागाला फोनवरूनच लिहिलं. इंग्रजी मी तपासून दिलं. दिव्यांचा रंग, वेळ, फोनवर बोललेले शब्द, टँकर, पिवळ्या जॅकेटचा माणूस, आणि कॅप्टनने काही लिहू नकोस म्हणून सांगितलं ते. सुजित काय बोलला हे तिने लिहिलं नाही. "ते त्याने सांगायचं," ती म्हणाली. पाठवायचं बटण दाबताना तिने डोळे घट्ट मिटले.

त्यानंतरचे दहा आठवडे मी जवळून बघितले. चौकशी संपेपर्यंत तिला उड्डाणावरून काढलं. कॅप्टनलाही काढलं, पण ते तिला बऱ्याच उशिरा कळलं. मुंबईच्या कार्यालयात तीन माणसांसमोर बसवून विचारलं, "याआधीही तुम्हाला एकदा धूर दिसला होता, नाही का?" रूपालीने सांगितलं की मी समोर बघत होते, मला काही दिसलं नाही. ते खोटं नव्हतं. सहकाऱ्यांच्या ग्रुपवर तिने काही लिहिलं की पुढे कुणीच काही लिहायचं नाही. एका अनोळखी नंबरवरून फोन आला, कुणी तरी सभ्य आवाजात म्हणालं की एवढ्या ज्येष्ठ माणसाचं आयुष्य खराब करून तुम्हाला काय मिळणार. तिने फोन ठेवला आणि दिवसभर दाराला आतून कडी लावून बसली. पोस्टमन आळीत शिरला की तिचा चेहरा उतरायचा. तिला वाटायचं, खोटी तक्रार केली म्हणून आता आपल्यावरच काहीतरी येणार.

बोलणं पुसलं गेलं होतं, पण विमानातलं दुसरं यंत्र वेग, दिशा आणि जागा नोंदवत असतं, आणि ते इतक्यात पुसलं जात नाही. इशारा आला म्हणून थांबलो, हे कॅप्टनचं म्हणणं कुणी खोदून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने विमान धावपट्टीशेजारच्या रस्त्यावरून गेलं होतं. इशारा कुठलाच आलेला नव्हता. पिवळ्या जॅकेटचा माणूसही सापडला. त्याने त्याच दिवशी मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम म्हणाला होता, धुक्यात डोळ्याला काहीही दिसतं.

ही नोंद निघाल्याचं कळलं त्या आठवड्यात सुजितने स्वतः जाऊन सगळं सांगितलं, गप्प बसल्याचंही. थोडं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगितलं. त्याचा परवाना सहा महिने रोखला गेला. कॅप्टन पुन्हा विमानात बसला नाही.

मार्चअखेरीस प्रतीक्षाला पत्र आलं, पोस्टाने नाही, मेलवर. कामावर रुजू व्हा. शाबासकीची एक ओळ होती. धुराबद्दलचं जुनं पत्र मागे घेतल्याचं मात्र कुठे नव्हतं. तिने दोनदा शोधलं.

पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर पालघर स्टेशनपर्यंत गेले. गणवेश इस्त्री केलेला, केस घट्ट बांधलेले, ओठांवर रंग. तिकिटाच्या खिडकीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "बाई, मला जमणार नाही."

नको जाऊस म्हणायला माझी जीभ वळवळत होती. पाच मिनिटं आम्ही तशाच उभ्या राहिलो. लोक बाजूने जात होते. मग तिने बॅगेचा दांडा वर ओढला आणि गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. चार उड्डाणं झाली होती. चारही वेळा विमान धावायला लागल्यावर तिचा हात फोनवर गेला. चारही वेळा ती काचेतून बाहेर बघत राहिली. "भीती गेली नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं सगळं खरं ठरलं की जाईल."

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. सुजित परत विमान चालवतो, एकदा दोघं एकाच उड्डाणावर होते, नमस्कारापलीकडे बोलणं झालं नाही. प्रतीक्षा अजून मागच्याच दारापाशी बसते. बढती मिळून पुढे बसायची संधी आली होती, ती नको म्हणाली, कारण पुढच्या खुर्चीवरून बाहेरचे दिवे नीट दिसत नाहीत. मागच्या महिन्यात सुटीवर आली होती तेव्हा मी विचारलं, विमान धावायला लागलं की अजून भीती वाटते का. ती बोंबील निवडत बसली होती, हात थांबवले नाहीत.

"दर वेळी, बाई," ती म्हणाली. "दर वेळी."